एका बोटाला चार सूर

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे माझ्या धाकट्या जावेला अजून सांगता येत नाही. पाहुण्यांशी ओळख करून देताना ती म्हणते, "ह्या आमच्या मोठ्या जाऊबाई, ह्या वायरींचं काम करायच्या." पाहुणे मान डोलावतात, आणि चहा होईपर्यंत त्यांतला एखादा मला घरच्या मिक्सरचं काय बिघडलं असेल ते विचारतो.

तिचंही अगदीच चूक नाही. नगरला सावेडीच्या बाजूला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत मी आयुष्याची चांगली वर्षं काढली, आणि माझ्यासमोर वायरीच असायच्या. त्या ज्यात खोचायच्या त्या यंत्राला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. नाव मोठं असलं तरी प्रकार समजायला सोपा आहे. लाकडी चौकटीत पत्र्याच्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीवर काही भोकं आणि काही गोल खुंट्या, आणि प्रत्येक पट्टीला एकच काम येतं. एक कच्चा सूर काढते. दुसरी त्या सुरातला खरखरीतपणा गाळते. तिसरी ठरवते की आवाज हळूच उगवायचा की धाडकन यायचा, आणि किती वेळानं मरायचा. या पट्ट्या आपण होऊन एकमेकींशी बोलत नाहीत. कुणी कुणाचं ऐकायचं ते वायर खोचून ठरवावं लागतं. ते ठरवणं हे माझं काम होतं. वायरी उपसल्या की तो आवाज गेला. पुन्हा हवा असेल तर पहिल्यापासून जुळवायचा, आणि तरी तो तसाच येईल याची खात्री कुणी देऊ नये.

हे यंत्र होतं जोगसरांचं. ते आधी पॉलिटेक्निकला शिकवायचे. लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी स्टुडिओ काढला आणि या पट्ट्या जमवायला लागले. काही परदेशातून मागवलेल्या, काही त्यांनी स्वतः सोल्डरिंगचे डाग देऊन जोडलेल्या. हे सगळं आता कॉम्प्युटरवर होतं असं कुणी म्हटलं की ते दिवसभर घुश्शात असत. विजेतलं त्यांना सगळं कळायचं, पण सुरांशी तेवढं जमत नसे. म्हणून त्यांना कान असलेलं माणूस हवं होतं. मी तेव्हा एका शाळेत हंगामी संगीतशिक्षिका होते. माझे वडील आमच्या गावच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसून मी शिकलेली. हंगाम संपला आणि मी जोगसरांकडे गेले, ती तिथलीच झाले.

त्या यंत्रात एक पट्टी होती, तिच्यामुळंच हे लिहायला बसले आहे. तिला आम्ही कॉर्डची पट्टी म्हणायचो. कॉर्ड म्हणजे एकमेकांशी पटणारे तीन-चार सूर एकदम वाजणं. आपल्याकडच्या गाण्यात हा प्रकार मुळातला नाही. ओवी असो की भजन, सूर एकामागून एक चालतात, एका ओळीत. चार वेगळे सूर एकाच वेळी म्हणायची सवय आम्हाला चर्चमधल्या गाण्यांमुळं होती, आणि बँडवाल्यांना होती. या पट्टीची करामत अशी, की तुम्ही यंत्राला जोडलेल्या कीबोर्डवर एकच बोट दाबायचं आणि तिनं चार सूर द्यायचे. तिच्यावरची एक खुंटी फिरवली की तेच चार सूर आनंदी वाटायचे, थोडी पुढं नेली की उदास. दुसरी खुंटी फिरवली की खालचा सूर उचलून वर जायचा. पंक्तीतली माणसं तीच, फक्त कोण कुणाशेजारी बसलं ते बदललं, तसं. एका बोटात एवढं सगळं मिळाल्यावर पहिले काही महिने मी खुळ्यासारखी खुंट्याच फिरवत बसायचे.

उन्हाळ्यात मात्र हे यंत्र रडवायचं. नगरचं ऊन चढलं की त्याचे सूर सरकायचे. सकाळी जुळवलेला सा दुपारी सा राहायचा नाही. मी कामाच्या आधी ते बराच वेळ नुसतं चालू करून ठेवायचे, म्हणजे ते आतून एकदाचं गरम होऊन स्थिर व्हायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई उगाच वेळ काढतात.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. तिसगावकडचा एक उमेदवार गावच्या निवडणुकीसाठी गाणं करून घ्यायला आला. निशाणी कुकर. त्याला गाण्यात शिट्टी हवी होती. मी खरखरीत हिस्स असा आवाज काढून गाळणीतून वर नेला, शिट्टी झाली. तो खूश झाला. पण बरोबर आलेली त्याची बायको म्हणाली, आमचा कुकर असा एकदम शिट्टी देत नाही, आधी दोनदा अडखळतो. मग ते अडखळणं करण्यात आमचा निम्मा दिवस गेला. उमेदवार निवडून आला. गाण्याच्या शेवटी कुकर अडखळला की बायका हसायच्या, असं त्यानं पेढे घेऊन आल्यावर सांगितलं.

दुसरा भंडारदऱ्याचा. धरणाच्या वरच्या अंगाला त्यानं पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. काजव्यांच्या दिवसांत लोक मुंबई-पुण्याहून येतात, झाडं लखलखताना बघतात. त्याला त्यासाठी संगीत हवं होतं. मी विचारलं, कसलं? तो म्हणाला, काजव्यांचा आवाज. काजव्यांना आवाज नसतो हे मी त्याला जपून सांगितलं. तो म्हणाला, ते मलाही माहीत आहे, म्हणून तर इथवर आलो. मी कॉर्डच्या पट्टीतून अगदी वरचे सूर घेतले, मंद, उमलून विझणारे. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, छान आहे, जरा अंधार वाढवा. मी गाळणी खाली आणली. त्याला पटलं. पुढं एकदा तो भेटला तेव्हा म्हणाला, संगीत बंद केलं, लोक काजवे बघायचे सोडून स्पीकर कुठं आहे ते शोधायला लागले. मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. तो आवाज मला आवडला होता.

अशी माणसं आली आणि गेली. राहिले ते सखाराम मास्तर.

सखाराम मास्तर कोल्हारचे. त्यांचा ब्रास बँड होता आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत त्यांना मान होता. मास्तर स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. त्यांचा धाकटा भाऊ लहानू युफोनियम वाजवायचा. पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य असतं ते, आवाज जाड आणि मायाळू. क्लॅरिनेटला इस्माईलभाई. हे तिघं फुंकणारे, बाकी ढोल-ताशा आणि खुळखुळेवाले. तिघं एकत्र वाजवत आले ते मिसरूड फुटायच्या आधीपासून.

मास्तर स्टुडिओत आले तेव्हा तोंडावर उपरणं धरून होते. मला वाटलं सर्दी झाली असेल. बसल्यावर त्यांनी उपरणं काढलं. वरचे पुढचे दात नव्हते. हिरड्या सुजून सुजून शेवटी डॉक्टरनं ते काढले होते. ट्रम्पेट ओठांवर वाजतो असं आपल्याला वाटतं, पण ओठांना मागून टेकू दातांचा असतो. टेकू गेला की नुसती हवा निघते.

मास्तर म्हणाले, "ताई, माजं तोंड गेलंय. वाजवायचं डोक्यात हाय तसंच हाय."

त्यांना हवं होतं ते असं. लग्नसराई तोंडावर आली होती. बँड त्यांच्या नावावर चालायचा. मास्तर नाहीत असं कळलं तर लोक दुसरा बँड बघतील, आणि घरची सगळीच माणसं बसून राहतील. तेव्हा या यंत्रातून ट्रम्पेटचा आवाज काढायचा, तो बँडच्या गाडीतल्या स्पीकरवर सोडायचा, आणि मास्तरांनी पुढं ट्रम्पेट ओठाला लावून चालायचं. कवळी बसवून वाजवता येतं का, असं मी विचारलं. हिरड्या भरून यायला वेळ लागेल आणि भरल्या तरी खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

जोगसरांना हे काम फार आवडलं. पितळी वाद्याचा आवाज काढण्यात आमच्या यंत्राचा हात कुणी धरला नसता. करवतीच्या दात्यांसारखी धारदार लहर घ्यायची आणि गाळणी एकदम न उघडता किंचित उशिरा उघडायची. फुंकणारा माणूस जोर लावतो तेव्हा पितळ आधी दबून बोलतं आणि मग खुलतं, ते त्यातून येतं. मास्तर शेजारी बसून तोंडानं गुणगुणून दाखवायचे आणि मी खुंट्या फिरवायचे. "ह्यो लई गुळगुळीत झाला," ते म्हणायचे. "माजा ट्रम्पेट असा न्हाई. सुरवातीला जरा थुंकतो." मी ते थुंकणं घातलं. आठवड्याच्या आत त्यांचा आवाज तयार झाला. ऐकून ते खुर्चीत मागं टेकून बसले.

मग त्यांचं लक्ष कॉर्डच्या पट्टीकडं गेलं. ही कशाला, त्यांनी विचारलं. मी तोच ट्रम्पेटचा आवाज त्या पट्टीतून काढला आणि एक बोट दाबलं. चार सूर एकदम उठले.

मास्तर सरळ होऊन बसले. "हे तर आमी सगळेच हाय," ते म्हणाले.

उरलेल्या दुपारभर आम्ही जे केलं ते नुसत्या मजेत केलं. चार सूर जर अगदी काट्यावर जुळलेले ठेवले तर ते एकाच यंत्राचे वाटतात. माणसांचे वाटायला हवे असतील तर प्रत्येकाला थोडंसं चुकवावं लागतं. मास्तर मला चुका सांगत होते. खालचा जाड सूर लहानूचा, तो जोशात आला की जरा चढा लागतो. इस्माईलभाई ठेक्याच्या किंचित मागं येतो, पण आला की पक्का बसतो. चौथा सूर आम्ही दुसऱ्या ट्रम्पेटला दिला, जो त्यांच्या बँडमध्ये कधी नव्हताच. मास्तर हसत होते, दात नसलेल्या तोंडावर हात न धरता. भावाबद्दल ते इतक्या प्रेमानं बोलत होते, की मला माझ्या वडिलांची आठवण आली. वडीलही चर्चमधल्या प्रत्येक गाणाऱ्याची खोड सांगायचे.

सराई सुरू झाली. जोगसरांनी निवडक पट्ट्या काढून एका सुटकेसएवढ्या पेटीत बसवल्या. ती पेटी आणि छोटा कीबोर्ड घेऊन मी बँडच्या गाडीत बसायचे, रंगीत कापडाच्या आडोशाला. घरी थोडी कुरकुर झाली. वरातीत बाईनं बसायचं म्हणजे काय, असं नवऱ्याचं म्हणणं पडलं. आडोशामुळं मी कुणाला दिसणार नाही म्हटल्यावर तो गप्प झाला. खरं तर मला ते आवडायला लागलं होतं. कापडाच्या फटीतून मला मास्तरांची पाठ दिसायची, त्यांचे खांदे दिसायचे. खांदे उचलले की मी कीबोर्डवर बोट दाबायचे. थोड्याच दिवसांत आमचं असं जमलं, की उचलायच्या आधीच मला कळायचं.

सुरुवातीला मास्तरांचा सूर यंत्राचा आणि लहानू, इस्माईलभाई खरे वाजवणारे, असं चालायचं. पण उन्हात पितळ तापलं की त्याचा सूर चढतो. तिघंही खरे वाजवत तेव्हा तिघंही बरोबर चढायचे, कुणाला काही कळायचं नाही. आता दोघं चढायचे आणि यंत्र आपल्या मर्जीनं भलतीकडं सरकायचं. मी त्यांच्या मागून यंत्राची खुंटी वर नेत राहायचे, पण ढोलांच्या गदारोळात अंदाजानंच. कधी जमायचं, कधी नाही. एका लग्नात मुलीकडच्यांनी तोंडावर सांगितलं, मास्तर एकदम सुरात आहेत, पण बाकीचे बेसूर होतात. ज्यांचं खरं होतं ते बेसूर ठरले.

त्यानंतर इस्माईलभाई स्वतःहून थांबले. मुलीकडं संगमनेरला जाऊन राहतो म्हणाले. भांडले नाहीत. पेटीपाशी येऊन त्यांनी माझी विचारपूस केली, यंत्र वाहून नेताना जपा, धक्का लागू देऊ नका, असंही सांगितलं. त्यांची जागा कॉर्डच्या पट्टीनं घेतली. फार बेमालूम घेतली.

मग राहुरीच्या अंगाच्या एका मोठ्या घरचं लग्न ठरलं. त्यांचा माणूस मास्तरांना म्हणाला, गाडी, ढोल-ताशा आणि तुम्ही एवढंच या, रस्ता अरुंद आहे, जास्त माणसं नकोत. मास्तर त्याबद्दल माझ्याशी बोलायला स्टुडिओत आले होते, तेव्हाच लहानूही पाठोपाठ आला. तो कधी स्टुडिओत आला नव्हता. उंच, सावळा, फार थोडं बोलणारा माणूस. दारात चप्पल काढून आत आला आणि म्हणाला, मला ते ऐकायचंय.

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मी दुसरा एखादा आवाज लावू शकले असते, पण वायरी खोचलेल्याच होत्या, आणि त्यानं मागितलं होतं ते त्याला ऐकू न देणं मला बरं वाटलं नाही. मी त्यांच्या नेहमीच्या वरातीच्या चालीतल्या चार ओळी वाजवल्या. लहानू स्पीकरकडं बघत उभा होता. तिसऱ्या ओळीला खालचा जाड सूर जोशात येऊन किंचित चढला.

"ह्यो मी हाय," लहानू म्हणाला.

 तो भावाकडं वळला. "दादा, मंग मी कुटं हुबा राहू?"

मास्तर म्हणाले, तू माझ्या शेजारीच उभा राहा, नुसतं वाद्य धरून, मी धरतो तसं. ते त्यांनी मनापासून सांगितलं, मला माहीत आहे. भावाला शेजारी ठेवायचा दुसरा मार्ग त्यांना सुचत नव्हता. पण लहानूच्या तोंडात सगळे दात होते, छातीत दम होता. तो म्हणाला, तुझं गेलंय म्हणून तू धरतोस, माझं काय गेलंय? आणि चप्पल घालून निघून गेला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

राहुरीच्या त्या लग्नाला मास्तर एकटे चालले. पुढं ढोल-ताशा, मग मास्तर, मागं गाडी आणि गाडीत मी. इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. ऊन उतरलेलं होतं, यंत्र स्थिर होतं, मास्तरांचे खांदे मला पुस्तकातल्या अक्षरांसारखे वाचता येत होते. चारही आवाज एकमेकांत मिसळून त्या अरुंद रस्त्यातून पुढं जात होते. पोरीबाळी गच्च्यांवर आल्या होत्या. मंडपाच्या दाराशी वरात थांबली तेव्हा फेट्यातले एक म्हातारे गृहस्थ गर्दीतून वाट काढत मास्तरांपाशी आले. मी आडोशातून ऐकत होते.

ते म्हणाले, "मास्तर, तुमचे दात गेले म्हणून ऐकलं हुतं. पर आज वाजवलं ते पैल्यापेक्षा भारी. माज्या लग्नातबी तुमीच वाजवलं हुतं, म्हनून सांगतो."

मास्तरांनी हात जोडले.

परतीच्या वाटेवर ते गाडीत माझ्यासमोर बसले होते, ट्रम्पेट मांडीवर. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. मी त्यांना म्हटलं, आज छान झालं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते ट्रॉल्यांकडं बघत म्हणाले, "एकालाबी कळलं न्हाई, ताई."

मी म्हटलं, कळलं नाही तेच बरं झालं, तेच तर हवं होतं आपल्याला.

"व्हय," ते म्हणाले. "पर मंग मी इतकी वरसं काय वाजवत हुतो?"

मला खूप काही सांगायचं होतं. तो आवाज त्यांचाच आहे, त्यांच्या कानानं घडवलेला आहे, त्यांनी गुणगुणून दाखवलं नसतं तर माझ्या वायरींना काय कळत होतं, असं. ते खरंही होतं. पण ते त्यांना पुरणार नाही हे मला समजत होतं. त्यांना पकडलं जायची भीती होती, त्या भीतीनं ते सबंध सराईभर झोपले नव्हते. त्या भीतीच्या पोटात एक आशाही होती, ती त्यांची त्यांनाच ठाऊक नसावी. कुणीतरी गर्दीतून म्हणेल, हे मास्तर नव्हेत. ज्या माणसाच्या लग्नात ते स्वतः वाजवून आले होते, त्यानंही म्हटलं नाही.

ती त्यांची शेवटची सुपारी ठरली. घेतलेली पुढची लग्नं त्यांनी दुसऱ्या बँडला दिली. स्टुडिओत ते पुन्हा आले नाहीत. मी त्यांचा आवाज बरेच दिवस यंत्रावर तसाच ठेवला, वायरी उपसल्या नाहीत. दुसरं काम अडायला लागलं तेव्हा जोगसर माझ्याकडं नुसते बघून गेले. मी एक एक वायर काढली. आधी इस्माईलभाईंची, मग लहानूची, मग मास्तरांची.

मला यंत्राचा राग कधी आला नाही. आजही कुणी विचारलं तर मी त्याच्याबद्दल कौतुकानंच सांगते. त्यानं कुणाला हाकललं नाही, त्याला तर एकाच जागी बसून मिळेल ती वीज सुरात बदलता येत होती. पण माणसांच्या चुका मोजून यंत्रात बसवल्या की त्या माणसांना काय उरतं, हा प्रश्न मला त्या दुपारी पडला नव्हता. मास्तरांनाही पडला नव्हता. आम्ही दोघं हसत होतो.

जोगसर पुढं मुलाकडं पुण्याला गेले, यंत्रही गेलं. स्टुडिओच्या जागी आता पोरांना स्पर्धा परीक्षांची तयारी करून देणारा क्लास आहे. मी घरी असते. रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते, त्यात सगळे आवाज तयारच मिळतात.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाचीच्या सासरी कोल्हारला जाणं झालं. दुपारची जेवणं झाल्यावर मी मास्तरांचं घर विचारत गेले. नदीकडच्या उतारावर दोन घरं लागून होती, मध्ये सामाईक भिंत. एका ओट्यावर मास्तर बसले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. त्यांनी कवळी बसवली होती, चेहरा भरल्यासारखा दिसत होता. त्यांच्या सूनबाईंनी चहा केला. लहानू कुठं असतो विचारलं, तर मास्तरांनी मानेनंच पलीकडच्या घराकडं खूण केली. सूनबाई मला नंतर आत म्हणाल्या, दोघं भाऊ बोलत नाहीत. काकांनी युफोनियम कधीच मोडीत घातला. साखर कारखान्याच्या गेटवर नोकरीला होते, आता घरीच असतात, दिवसभर टीव्ही लावून.

टीव्हीचा आवाज खरंच येत होता. भिंत पातळ होती. कुठल्याशा मालिकेतली माणसं मोठमोठ्यानं बोलत होती.

मी मास्तरांना विचारलं, कवळी बसल्यावर वाजवून बघितलं का? ते म्हणाले, एकदा-दोनदा. मग म्हणाले, "वाजतंय थोडं. पर एकट्यानं काय वाजवायचं." मी म्हटलं, मला ऐकवा. ते नाही म्हणत राहिले, आणि मग उठून आत गेले नि ट्रम्पेट घेऊन आले. फडक्यानं पुसला. पहिल्या दोन-तीन फुंकांत नुसती हवा गेली. मग सूर लागला. बारीक, कापरा, पण लागला.

त्यांनी ती वरातीची चाल घेतली. त्या चालीत ट्रम्पेट एक ओळ म्हणून थांबतो, आणि ती थांबलेली जागा युफोनियम भरतो. मास्तर ओळ वाजवायचे आणि थांबायचे. जेवढं थांबायला हवं तेवढंच थांबायचे, मग पुढची ओळ. मला ती जागा पाठ होती. माझी बोटं मांडीवर हलली, मी ती मिटून घेतली.

दुसऱ्या ओळीनंतर ते थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं, पलीकडच्या घरातला टीव्ही बंद झाला होता.

मास्तरांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुढची ओळ आधीपेक्षा थोडी मोठ्यानं वाजवली आणि थांबले. भिंतीपलीकडं कुणाची हालचाल नव्हती, खोकला नव्हता, भांड्याचा आवाज नव्हता. ते शेवटपर्यंत तसेच वाजवत गेले, प्रत्येक ओळीनंतर भावाची जागा मोकळी सोडत. मग ट्रम्पेट खाली घेतला, ओठ पुसले आणि भिंतीकडं तोंड करून बसून राहिले.

 थोड्या वेळानं पलीकडं टीव्ही पुन्हा सुरू झाला.